रोवणीतला कोंडवाडा

रोवणी करावी तर रुख्माबाईनं, असं सडक अर्जुनीच्या पट्ट्यात अजूनही म्हणतात, आणि ते काही तोंडदेखलं नाही. बाई चिखलात उतरली की डाव्या हातातली पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी आपोआप सुटत जायची आणि उजवा हात दिसायचाच नाही. पुढ्यात नुसती हिरवी ओळ वाढताना दिसायची. घरची रोवणी आटोपली की गावातल्या बाया गोळा करून ती दुसऱ्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, गुत्त्यानं घ्यायची. गुत्ता म्हणजे बांधी पुरी झाली की मजुरी, मग दिवस लागो की अर्धा. म्हणून टोळीत हळू हाताची बाई कोणालाच नको असते, आणि रुख्माबाईला तर डोळ्यांसमोर नको असायची. तोंडाचं तर विचारूच नका. उचलली जीभ, लावली टाळ्याला! नवरा श्यामलाल गरीब माणूस. बायको बोलायला लागली की तो बैलांना पाणी दाखवायला निघून जायचा. पुढं बैल विकले, ट्रॅक्टर भाड्यानं येऊ लागला, तरी त्याची जायची सवय काही सुटली नाही.

या टोळीत एक खेळ होता. खेळ म्हणायचं, पण ज्याच्यावर यायचा त्याला विचारा. बाया एका रांगेत वाकून रोवत रोवत मागं सरकतात. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे रोवायचा पट्टा. मधली एखादी मागं पडली की तिच्या दोन्ही बाजूच्या बाया झपाझप मागं सरकून तिच्या पाठीमागची तिची पातही रोवून टाकायच्या. ती बिचारी वाकलेलीच. कंबर सरळ करायला उठावं तर चारी बाजूंनी रोवलेलं, आणि आपण मध्ये उघड्या चिखलात उभ्या. निघायचं तर कोणाचं तरी रोवलेलं तुडवायचं, आणि रोवलेलं तुडवणं म्हणजे पाप. याला बाया कोंडवाडा म्हणत. मोकाट ढोर जसं कोंडवाड्यात घालतात तसं. नव्या पोरी एकदा कोंडवाड्यात गेल्या की हसत-रडत हात चालवायला शिकायच्या. हा खेळ काही रुख्माबाईनं काढला नव्हता, पण तिच्यासारखा तो कोणी खेळलाही नाही.

बारा-तेरा वर्षांमागची गोष्ट. तेव्हा रुख्माबाई आणि तिची मोठी जाऊ सुमित्राबाई एकाच चुलीवर होत्या. सुमित्राबाई म्हणजे श्यामलालचा मोठा भाऊ दुधराम, त्याची बायको. रुख्मा लग्न होऊन आली तेव्हा हिनंच तिला रोवणी शिकवली होती. पेंडी कशी धरायची, अंगठा कुठं दाबायचा, पाय कुठं टाकायचा, सगळं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत सुमित्राबाईचं काही बिनसलं होतं. अंग फुगत चाललं. चेहरा सुजल्यासारखा, डोळ्यांखाली पिशव्या. आवाज बसलेला, घोगरा. वैशाखात, जेव्हा कुत्रंसुद्धा नालीत जाऊन पडतं, तेव्हा ही बाई अंगावर शाल घेऊन ओसरीत बसायची. भांडी घासायला बसली की घासता घासता पेंगायची. सकाळी उठायला उशीर, चालायला उशीर, आणि बोललं तर उत्तर द्यायलाही उशीर.

आळशी झाली, दुसरं काय, असं रुख्मा साऱ्या गावात सांगत फिरे. बसून खाल्लं की अंग येतंच. पोरगा कमावता झाला म्हणून आता राणी झाली. मी राबतो आणि ही फुगून राहिली. गावालाही ते पटे, कारण डोळ्यांसमोर दिसत होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सुमित्राबाई एखाद्या वेळी एवढंच म्हणे, की मला बरं नाही वाटत गं. बरं का वाटत नाही, हे तिला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. ताप नाही, दुखत नाही. मग काय दाखवायचं आणि कोणाला?

घरच्या शेतात रोवणीची पहिली मूठ घरातली मोठी सून लावते. त्या वर्षीही सुमित्राबाईनं हळदकुंकू वाहिलं, पहिली मूठ लावली, आणि बाया रांगेत उभ्या राहिल्या. ती मधल्या पातीत आली. दोन-चार हात सरकल्यावरच मागं पडली. रुख्मा तिच्या उजवीकडं होती. डावीकडच्या बाईकडं तिनं फक्त पाहिलं. एवढंच. तोंडानं काही म्हटलं नाही, हे पुढं कितीतरी वेळा ती स्वतःला सांगत राहिली, जसं काही न बोलल्यानं गुन्हा लहान होतो. दोघींनी मिळून मोठ्या जावेची पात मागून रोवून टाकली.

सुमित्राबाई उठून उभी राहिली तेव्हा बायांची हसून हसून मुरकुंडी वळली. आपल्याच शेतात, पहिली मूठ लावणारी बाई, चिखलात उभी. हातात अर्धी पेंडी. रुख्मानं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली.

"आराम करा बाई आता. शिदोरी तिथंच आनून देतो."

बाया शिदोऱ्या सोडून धुऱ्यावर जेवायला बसल्या. सुमित्राबाईनं उरलेली जागा रोवून काढली. मग तिनं काय केलं? मागचं एक रोपटं मुळासकट अलगद उपटलं, त्या जागी पाय ठेवला, आणि उचललेल्या पायाच्या जागी ते रोपटं पुन्हा रोवलं. मग दुसरं. मग तिसरं. एकही न तुडवता, एक एक पाऊल करत ती धुऱ्यापर्यंत आली. बायांचं जेवण आटोपलं, हात धुऊन झाले, हसणंही कधीचं थांबलं, तरी ती येतच होती. शेवटी शेवटी तिकडं बघायला कोणाचं मन होईना. धुऱ्यावर आली, पाय धुतले, आणि घरी निघून गेली. त्यानंतर त्या बांधीत तिनं पाय घातला नाही.

दिवाळीच्या आधी चुली वेगळ्या झाल्या. त्यातही पुढाकार रुख्माचाच. राबायचं एकीनं आणि खायचं दुसरीनं हे चालायचं नाही, असं तिनं भासऱ्यासमोर, म्हणजे दुधरामसमोर, डोक्यावर पदर घेऊन पण ठणकावून सांगितलं. दुधराम आपला हिस्सा श्यामलालला ठेक्यानं देऊन कोहमाऱ्याला निघून गेला. तिथं हमरस्त्यावर त्याच्या मुलानं, दुर्गेशनं, ट्रकवाल्यांसाठी ढाबा टाकला. पुढच्या वर्षीपासून शेतातली पहिली मूठ रुख्मा लावू लागली. घरात मोठी सून तीच उरली होती.

आता ऐका पुढचं. माणूस दुसऱ्याकडं बोट दाखवतो तेव्हा त्याला वाटतं आपलं अंग दगडाचं आहे.

तीनेक वर्षांमागं रुख्माबाईचं पोलकं दंडात रुतायला लागलं. तिनं शिवण उसवली. पुन्हा रुतलं. शिंपिणीनं कापड तोकडं घेतलं म्हणून तिच्याशी भांडून आली. मग बांगड्या चढेनात. मग एका सकाळी हाताच्या बोटातली अंगठी निघेना, साबण लावून सुनेनं ओढून काढली. सून अंजू, गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीची, शिकलेली पोरगी. तिनं तेव्हाच म्हटलं होतं, आई, एकदा दवाखान्यात दाखवू. रुख्माबाई तिच्या अंगावर धावून गेली. मी काय बिमार आहे? चार घास जास्त जाऊन राहिले असतील.

आणि इथूनच त्या बाईनं आपल्या जिवाचे हाल सुरू केले. अंग खाण्यानंच वाढतं, हे तिनं जन्मभर साऱ्या गावाला ओरडून सांगितलं होतं. आता आपलंच वाढलं म्हटल्यावर खाणं तोडल्याशिवाय दुसरा रस्ता कोणता? तिनं भात सोडला. गोंदिया जिल्ह्यात धानाच्या शेतकऱ्याच्या घरी भात सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. घरभर शिजलेल्या नव्या तांदळाचा वास आणि ही कोपऱ्यात अर्धी पोळी मोडून बसलेली. उपवासाचा सोमवार होताच, गुरुवार धरला, मग शनिवारही धरला. पहाटे लोकांची नजर चुकवून सडकेनं चालायला जाई आणि दम लागला की मैलाच्या दगडावर बसून राही. मेथीचं पाणी झालं, ओव्याचं झालं, कोणी सांगितलं म्हणून कारल्याचा रस झाला. आणि दर पंधरा दिवसांनी राईस मिलमध्ये जाऊन, जिथं धानाची पोती मोजतात त्या काट्यावर चोरून उभी राही. काटा हटायचं नाव घेईना. उलट एखाद्या वेळी पुढंच सरके. काट्यावरचा हमाल एकदा म्हणाला की मावशी, तुमी तं पोत्याच्या वर गेल्या. तो हसला. रुख्माबाई घरी येऊन न्हाणीत बसून रडली. वजनाचं रडू नव्हतं ते. आपण सुमित्रासारख्या दिसायला लागलो, याचं होतं.

कारण दिसायलाच लागली होती. केस मूठमूठ गळत. अंगावर सालं निघत. हिवाळ्यात तर सोडाच, पण पावसाळ्यातही तिला घोंगडं लागे. आवाज बसला. टोळीत तिची पात मागं पडू लागली, पण ती टोळीची मालकीण, तिला कोण कोंडवाड्यात टाकणार? बाया आपला वेग कमी करून घेत. तिला ते कळे आणि मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्यातच चुलत दिराच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात कोहमाऱ्याहून सुमित्राबाई आलेली. रुख्मानं पाहिलं आणि पाहतच राहिली. जाऊ वाळली होती. चेहऱ्यावरची सूज गेलेली, चालणं तुरुतुरु, चार जणींत बसून हसत होती. रुख्माच्या मनात पहिला विचार काय आला? तर पाहा, ढाब्यावर राबावं लागलं आणि अंग उतरलं! मी म्हणत नव्हतो? आपणच खरे ठरलो याचा तिला आनंद झाला, आणि त्याच घटकेला आपलं अंग झाकायला तिनं पदर ओढून घेतला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

हळद लावताना दोघी समोरासमोर आल्या. सुमित्राबाईनं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. मनगटावरून, दंडावरून हात फिरवला. तोंडाकडं निरखून पाहिलं.

"रुख्मे, हात थंडागार हाय तुया. डागदरले दाखव."

आसपास बाया होत्या. रुख्माला वाटलं, इतक्या वर्षांचा सूड आता चार जणींत उगवून राहिली ही. तिनं हात झटकला.

"मी काम करून खातो, बाई. बसून खाणाऱ्याईले डागदर लागते."

सुमित्राबाई हळदीची वाटी उचलून पुढच्या बाईकडं गेली.

त्यानंतर पुरतं वर्ष रुख्मानं तसंच काढलं. डॉक्टरकडं जायचं म्हणजे त्या बाईचं ऐकल्यासारखं होईल, म्हणून नाही गेली. शेवटी अंजूच्या भावाच्या बाळाचं बारसं होतं म्हणून दोघी मुर्रीला गेल्या होत्या, तर तिथं अंगणात उभ्या उभ्या रुख्माबाईला भोवळ आली. अंजूनं मग विचारलंच नाही. ऑटोत घातलं आणि गोंदियात एका डॉक्टरीणबाईकडं नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारी. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच ती एकेक विचारत गेली. थंडी जास्त वाजते का? रुख्माबाई हो म्हणाली, पण तिच्या डोळ्यांसमोर आली ती वैशाखात शाल घेऊन ओसरीत बसलेली जाऊ. आवाज बसलाय का? झोप येत राहते का? काम करताना हातपाय जड वाटतात का? बोलायला, विचार करायला वेळ लागतो का? प्रत्येक प्रश्नाला ती मान हलवत होती आणि प्रत्येक उत्तर तिचं नव्हतंच, सुमित्राचं होतं. भांड्यांशी पेंगणारी सुमित्रा. विचारलं तर उशिरानं बोलणारी सुमित्रा. मला बरं नाही वाटत गं म्हणणारी. रुख्माबाईच्या अंगाला घाम फुटला. डॉक्टरीणबाईनं पंखा लावला.

रिपोर्ट आला. थायरॉइड कमी पडतं, डॉक्टरीणबाई म्हणाली. गळ्यातली एक ग्रंथी शरीराचा चुल्हा पेटता ठेवते, तुमचा चुल्हा मंद झालाय. रोज सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत एक गोळी, जन्मभर. महिना-दीड महिन्यानं पुन्हा रक्त बघू. रुख्माबाईनं पहिलं विचारलं, की वजन उतरेल का. त्यावर तिनं सरळ सांगितलं, गोळी वजनाची नाही. थोडं उतरेल, सूज उतरेल, बाकीचं हळूहळू खाण्यापिण्यानं, चालण्यानं. पण उपाशी राहू नका, उपवासांनी तुम्ही आणखी खचलात. भात खा. बेतानं खा, पण खा.

"हे आळसानं होत नाही का जी?" रुख्माबाईनं विचारलं.

"आळसानं नाही होत, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाली. "यानंच माणूस आळशी दिसतो."

घरी येईतोवर रुख्माबाई रिपोर्टाचा कागद उलटासुलटा करत राहिली. अंजूला वाटलं, जन्मभराची गोळी म्हणून घाबरली. त्या रात्री ती पोटभर भात जेवली आणि पानावर बसल्या बसल्या डोळे गळायला लागले. श्यामलालनं विचारलं काय झालं. भाभीले हेच होतं, एवढंच ती जावेबद्दल म्हणाली. श्यामलाल उठून बाहेर गेला. गोठ्यात बैल नव्हते, तरी गेला.

गोळी सुरू झाली. पहिल्या महिन्यात काहीच फरक नाही. झालं असं की आमच्याकडं औषध म्हटलं की चहासोबत गिळायचं, तसं ती डोळे उघडल्याबरोबर लाल चहाच्या घोटानं गोळी घेई. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाई रागावली, गोळीनंतर तासभर चहाला हात लावायचा नाही म्हणाली, आणि गोळी थोडी वाढवली. मग मात्र हळूहळू चुल्हा पेटला. घोंगडं सुटलं. आवाज मोकळा झाला. पहाटे जाग यायला लागली. अंगठी पुन्हा बोटात गेली. वजन मात्र अडून बसलं होतं. मिलच्या काट्यावर ती आता उघड उभी राही, आणि काटा जरासा मागं यायचा, पोत्यातून ओंजळभर धान काढावं तेवढा. श्यामलाल म्हणे, उतरून राहिलं ना, बस. तिला आता वजनाचं तेवढं राहिलं नव्हतं. गोळी घेतल्यानंतर चहाची वाट पाहत बसावं लागे, तो तास तिला खायला उठे. त्या तासात कामाला हात लागत नसे आणि मन जाऊन उभं राही ते नेमकं त्या बांधीत.

मग तिनं मनाशी एक हिशेब मांडला. मांडला म्हणजे काय, प्रत्येक माणूस मांडतो तसाच. बिमारी होती. आपल्याला काय ठाऊक? तिला तरी काय ठाऊक? कोणाचाच दोष नाही. देवानं मलाही तेच देऊन फिट्टंफाट केली. आता जाऊन सांगायचं, बाई, बिमारीनं घात केला, चला घरी, यंदा पहिली मूठ तुम्ही लावा. एवढं झालं की मन हलकं होईल. मृग लागला, पऱ्हे टाकून झाले, आणि रुख्माबाई घरची लाखोळीची डाळ फडक्यात बांधून काळीपिवळी जीपनं कोहमाऱ्याला गेली. सुमित्राला लाखोळीची डाळ फार आवडायची, हे एवढ्या वर्षांत ती विसरली नव्हती.

दुर्गेशचा ढाबा चौकापासून थोडा पुढं. दुपारची वेळ, ट्रकवाले खाटांवर आडवे. मागच्या बाजूला सुमित्राबाई परातीत कणीक मळत होती. जावेला पाहून तिनं कपाळावरचा केस मनगटानं सारला, ये म्हणाली, बस म्हणाली, ढाब्यावरच्या पोराकडून पाणी मागवलं, चहा सांगितला. तोंड वाकडं केलं नाही. डाळ घेतली, वास घेतला, आणि घरचीच ना म्हणून विचारलं. रुख्माबाईला धीर आला. तिनं सगळं सांगितलं. भोवळ, रिपोर्ट, गोळी. मग विचारलं, बाई, तुम्हालाही हेच होतं ना? सुमित्राबाई हो म्हणाली. कोहमाऱ्याला आल्यावर दोन-तीन वर्षांनी दुर्गेशनं नागपूरला दाखवलं होतं. तेव्हापासून गोळी चालू आहे.

मग रुख्माबाईनं वाटेत पाठ केलेलं बोलायला घेतलं.

"बाई, बिमारीच होती ते. आपल्याले कोणाले ठाऊक होतं? आमाले वाटलं आळस. बिमारीनंच घात केला सारा. आता झालं गेलं सोडा. घरी चाला. यंदा पयली मूठ तुमी लावा."

सुमित्राबाईचे हात कणकेत थांबले नाहीत. तिला पूर्वी उत्तर द्यायला उशीर लागायचा. आताही लागला, पण तो वेगळा.

"बिमारी मले ठाऊक नोती. तुलेबी नोती. त्याचा राग नाही माया मनात," ती म्हणाली. "पन रुख्मे, समज बिमारी नसती. समज, मी आळशीच असती. मंग ते बराबर होतं का?"

रुख्माबाईची जन्मात कधी न अडलेली जीभ टाळ्याला चिकटून बसली. एवढ्या वाटेवर हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता. ती बिमारीची माफी मागायला आली होती, आणि ज्या गोष्टीची मागायची ती तशीच धुऱ्यावर उभी होती. चुकलं म्हणायला हवं होतं, आणि ते तिला त्या घटकेला कळतही होतं. पण म्हणता आलं नाही. वरातीमागून घोडं यावं, तेही लंगडं, तसं झालं.

सुमित्राबाईनं कणकेवर फडकं टाकलं, हात धुतले. रोवणी ती अजूनही करते, म्हणाली. इथल्या बायांची टोळी आहे, रोवणीचे दिवस आले की ढाबा सुनेवर टाकून जाते. हात आता चांगला चालतो. तुझ्या बांधीत मात्र नाही उतरायची. हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, आणि जावेला जेवू घातलं. निघताना सडकेपर्यंत पोचवायला आली, काळीपिवळीला हात दाखवला, आणि रुख्मा चढल्यावर खिडकीशी येऊन म्हणाली,

"गोळी घेतल्यावर चायले थांबत जाय. मीबी पयले त्यातच चुकली होती."

रुख्माबाई सडक अर्जुनीपर्यंत पदर तोंडात धरून बसली होती.

आषाढात रोवणी लागली. पहिली मूठ रुख्माबाईनंच लावली, कारण दुसरं कोणी नव्हतं. अंजूनं आधीच बायांना सांगून ठेवलं होतं, की आईंना थायरॉइड आहे, त्या धुऱ्यावर बसतील. पण रुख्माबाई ऐकणारी नव्हेच. पदर खोचला, पेंडी घेतली आणि रांगेत शिरली. एरवी ती कडेची पात घ्यायची, टोळीच्या म्होरकीची. यंदा ती मधल्या पातीत जाऊन उभी राहिली. जुन्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं.

हात पूर्वीसारखा कुठून चालणार? गोळीनं ऊब आली होती, जोर अजून यायचा होता, आणि अंगाचं वजन चिखलात पाय रुतवत होतं. थोड्याच वेळात दोन्हीकडच्या बाया मागं सरकल्या आणि ती पुढं एकटी उरली. तिला ते न पाहताच कळलं. ती वाकूनच राहिली. रोवत राहिली, आणि पाठीमागं पाणी डुबुक डुबुक वाजायची वाट पाहत राहिली. कोणीतरी आपल्यामागची पात रोवून घ्यावी, बायांनी हसावं, कोणी शिदोरी तिथंच आनून देतो म्हणावं, आणि मग आपण एक एक रोपटं उपटत, एक एक लावत, धुऱ्यापर्यंत जावं. तेवढं तरी आपल्या वाट्याला यावं असं तिला मनापासून वाटत होतं.

पाठीमागं काही वाजलं नाही. ती कंबर धरून उठली आणि तिनं वळून पाहिलं. दोन्हीकडच्या बाया हातात पेंड्या धरून उभ्या होत्या. सगळी रांगच थांबली होती. कोणी हसत नव्हतं. एकजण म्हणाली की सावकाश घ्या मावशी, घाई नाही काही.

"थांबू नोका," रुख्माबाई म्हणाली. "रोवा माया मागून. मी म्हनतो ना, रोवा."

बायांना वाटलं, बाई आपल्या दुखण्याला लाजून राहिली. डावीकडच्या बाईनं तर उलट तिच्या हातची पेंडी घेतली, अर्धी पात तिच्याकडून रोवून दिली, आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली. रुख्माबाई वाकली. उरलेली पात तिनं एकेक रोपटं लावत पुरी केली, आणि ती मागं येऊन रांगेला मिळेपर्यंत एकीनंही हात चालवला नाही.